चिमूटभर धातू आणि बावखलातले हिरवे पाणी

वैशाखाचे ऊन तापू लागले, विहिरींचे पाणी खाली गेले, की वसईच्या वाड्यांमधल्या बावखलांचा रंग बदलू लागतो. आधी पाणी फिकट हिरवे दिसते, मग दाट होते, आणि वारा पडलेल्या सकाळी तर वर हिरवा रंग ओतावा तशी साय धरते. घरातली आजी म्हणते, "पाण्याला शेवाळ धरलं रे बाबा." नातू म्हणतो, "आजी, किलोभर मोरचूद टाकतो, आठ दिवसांत पाणी आरशासारखं होईल." शेतकरी बंधू-भगिनींनो, त्या मोरचुदाच्या पुडीला हात लावण्याआधी आजचा हा लेख घरात सर्वांनी मिळून वाचावा, अशी विनंती आहे.

सांडोरच्या वाचकांना बावखल म्हणजे काय ते सांगायला नको. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे लहान तळे. पावसाळ्यात ते भरते, आसपासच्या विहिरींना झिरपा देते आणि पाऊस सरल्यावर केळी, पानवेल, फुले, भाजीपाला यांची तहान भागवते. पूर्वी त्यावर रहाट फिरत असे. पुढे पंप आले. उन्हाळ्यात तळाचा काळा गाळ उपसून वाडीत घालायचा, ही जुनी रीत. त्या गाळात कस असतो हे वाडवडिलांनी अनुभवाने ओळखले होते. तो कस तिथे येतो कसा, याचे बरेचसे उत्तर त्या हिरव्या पाण्यात आहे.

हिरवे वर, जांभळे खाली

झाडाचे पान ऊन, पाणी आणि हवेतला कर्बवायू घेऊन आपले अन्न तयार करते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. याला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. पण पृथ्वीवर पान जन्माला येण्याच्या कितीतरी आधी हे काम जिवाणूंनी सुरू केले होते. बावखलात ज्याला आपण निळे-हिरवे शेवाळ म्हणतो, ते प्रत्यक्षात याच जातीचे जिवाणू आहेत. एकेकटा जिवाणू डोळ्यांना दिसत नाही. कोट्यवधींनी जमले की पाणी हिरवे दिसते.

दुसरी जात खाली राहते. तळाचा गाळ ढवळला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड नावाच्या वायूचा. जिथे हवा पोचत नाही, पण थोडासा उजेड पोचतो, तिथे जांभळट-गुलाबी रंगाचे जिवाणू वस्ती करतात. हे जिवाणू उजेडाच्या ठिकाणी गोळा होतात, हे एंगलमन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८३ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पुढे १९३१ साली व्हॅन नील या शास्त्रज्ञाने त्यांचे गुपित उलगडले. हिरवे जिवाणू पाणी फोडतात आणि त्यातून प्राणवायू बाहेर टाकतात. जांभळे जिवाणू पाण्याऐवजी तो वास मारणारा वायू फोडतात. त्यातून गंधक मागे उरते, प्राणवायू मात्र निघत नाही.

म्हणजे धंदा एकच, कच्चा माल वेगळा. आणि सुताराची हत्यारे वेगळी, लोहाराची वेगळी, तशी या दोघांची हत्यारेही वेगळी आहेत. ही हत्यारे धातूंची बनलेली असतात.

रहाट, जनावर आणि गाडगी

ज्यांनी रहाट पाहिला आहे त्यांना ही गोष्ट चटकन समजेल. जनावर फिरते, चाक फिरते, माळेतली गाडगी खालून पाणी घेऊन वर येतात आणि पन्हळीत ओततात. जिवाणूच्या पेशीतही असाच एक रहाट आहे. तिथे जनावर म्हणजे सूर्याचा प्रकाश. वर चढवायचे ते पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन, विजेचे अतिसूक्ष्म कण. आणि ते कण एकाकडून घेऊन दुसऱ्याकडे ओतणारी गाडगी बहुतांशी लोहाची, एखादे तांब्याचे. लोह आणि तांबे हे धातू एक कण सहज घेतात आणि सहज सोडतात, म्हणून निसर्गाने या कामाला तेच निवडले.

प्रत्येक धातूचे काम वेगळे आहे, ते एकेक करून पाहू.

मॅग्नेशियम हरितद्रव्याच्या अगदी मधोमध बसलेले असते. जनावर जुंपायला जू लागते, तसे ऊन जुंपायला हे द्रव्य लागते. हरितद्रव्याच्या रचनेवर काम करणाऱ्या विल्श्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १९१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जांभळ्या जिवाणूंचे रंगद्रव्य थोडे निराळे, पण मध्यभागी मॅग्नेशियमच.

मँगेनीजचे काम सर्वांत अवघड. पाणी फोडणे सोपे नाही. त्यासाठी हिरव्या जिवाणूंकडे मँगेनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक अणू यांची एक छोटीशी गाठ असते. ही गाठ नेमकी कशी बांधलेली आहे, याचे स्पष्ट चित्र जपानी शास्त्रज्ञांनी २०११ साली जगापुढे ठेवले. तेही अशाच एका निळ्या-हिरव्या जिवाणूवर काम करून. जांभळ्यांना पाणी फोडायचे नसते, म्हणून त्यांना या गाठीची गरज पडत नाही. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू या मँगेनीजच्या गाठीतून आलेला आहे.

लोहाचा खप सर्वांत मोठा. जांभळ्या जिवाणूचे प्रकाश पकडणारे केंद्र कसे असते, हे डायझेनहोफर, हूबर आणि मिशेल या तिघा जर्मन शास्त्रज्ञांनी उलगडले आणि त्यांना १९८८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या केंद्रात मॅग्नेशियमवाल्या रंगद्रव्याचे चार रेणू आणि लोहाचा एक अणू सापडला. केंद्राला जोडलेल्या भागात लोहाचे आणखी चार अणू होते. निळ्या-हिरव्या जिवाणूंकडे अशी दोन केंद्रे असतात आणि त्यांतल्या एकट्या एका केंद्रातच लोहाचे बारा अणू असतात. त्यामुळे लोह कमी पडले की या जिवाणूंची वाढ लगेच खुंटते.

तांब्याचे काम थोडे, पण नेमके. दोन केंद्रांच्या मध्ये कण पोचवणारा एक तांबेवाला निरोप्या असतो. इथे या जिवाणूंची काटकसर पाहण्यासारखी आहे. तांबे मिळेनासे झाले, तर पुष्कळ जाती त्याच जागी लोहवाला निरोप्या उभा करतात. लोह मिळेनासे झाले, तर लोहाच्या एका गाडग्याऐवजी धातू नसलेले गाडगे माळेत अडकवतात. घरात गूळ संपला तर गृहिणी साखरेवर वेळ निभावते, त्यातलाच हा प्रकार. गोडी थोडी बदलते, पण सण पार पडतो.

जस्ताचाही एक नमुना आहे. खाणींतल्या अत्यंत आम्लधर्मी पाण्यात राहणाऱ्या एका जिवाणूने आपल्या रंगद्रव्यात मॅग्नेशियमच्या जागी चक्क जस्त बसवले आहे. जपानी शास्त्रज्ञांनी १९९६ साली हे दाखवून दिले. तशा आम्लात मॅग्नेशियम टिकत नाही, जस्त टिकते.

एवढे सगळे सांगण्याचे कारण असे, की आपल्या केळीच्या आणि पानवेलीच्या पानातही हाच रहाट आहे. फार प्राचीन काळी एक निळा-हिरवा जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच नांदू लागला आणि त्याचीच वंशवेल आज पानातल्या हिरव्या कणांच्या रूपाने उरली आहे, असे शास्त्र सांगते. म्हणून बावखलातल्या जिवाणूला ज्या धातूंची भूक, त्याच धातूंची भूक वाडीतल्या पानाला. कोवळे पान शिरा हिरव्या ठेवून पिवळे पडते तेव्हा त्याच्या रहाटाची लोहाची गाडगी कमी पडलेली असतात. जुने पान शिरांच्या मधे पिवळे पडू लागले, तर मॅग्नेशियमची शंका घ्यावी.

लोह उदंड, तरी उपासमार

कुणी विचारील, "कोकणची माती तर लोहानेच लाल झाली आहे. मग लोह कमी कसे पडेल?" प्रश्न रास्त आहे. कोठीत भात असला तरी कोठीला कुलूप असेल तर ताटात काय येणार?

ही हकीगत फार जुनी आहे. एके काळी समुद्राच्या पाण्यात विरघळलेले लोह भरपूर होते. तेव्हा हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. जिवाणूंनी पाणी फोडून प्राणवायू सोडायला सुरुवात केली आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपासून तो हवेत साठू लागला. प्राणवायू लागला की लोहाला गंज चढतो, आणि गंज पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतो. प्राचीन समुद्रांच्या तळाशी साचलेल्या अशा लोहाचे पट्टेरी दगड जगात अनेक ठिकाणी आहेत. गोव्याचे आणि आपल्या सिंधुदुर्गातल्या रेडीचे लोहखनिज अशाच पट्टेरी दगडांपासून झालेले आहे. ते लोह तळाशी बसवण्यात प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंचा मोठा हात असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. आपणच केलेल्या प्राणवायूने आपलेच अन्न कुलपात गेले, अशी त्या जिवाणूंची गत झाली.

शेतात आजही तेच घडते. भाताच्या खाचरात पाणी साचून राहिले की मातीत हवा राहत नाही आणि लोह विरघळते. पाणी उतरून हवा शिरली की त्याचा गंज होतो. शिंपल्यांचा चुना मिसळलेल्या रेताड जमिनीत कुलूप आणखी घट्ट बसते. शेणखत, गाळ, पालापाचोळा यांतली आम्ले ते कुलूप थोडे सैल करतात. मातीत सेंद्रिय खत घालण्याचा हाही एक फायदा आहे.

समुद्रातला धडा

बावखलाची गोष्ट समुद्रालाही लागू आहे. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत कोकण-गोव्याच्या किनाऱ्यापुढे समुद्रावर कधी कधी पिवळट-तपकिरी भुसा पसरल्यासारखे पट्टे दिसतात. तो ट्रायकोडेस्मियम नावाचा, उन्हावर जगणारा आणि हवेतले नत्र बांधणारा जिवाणू आहे. त्याला लोह पुष्कळ लागते, आणि वाळवंटाकडून वाऱ्याने उडून येणारी धूळ त्याला ते पुरवते.

मग समुद्रात लोह टाकून सूक्ष्म हिरवळ वाढवली, तर ती हवेतला जास्तीचा कर्बवायू शोषून घेईल का? हे पाहण्यासाठी गोव्यातल्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन संस्थेच्या जोडीने २००९ साली एक मोठा प्रयोग केला. प्रयोगाचे नाव लोहाफेक्स, आपल्या 'लोह' शब्दावरूनच ठेवलेले. दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पट्ट्यात हिराकस, म्हणजे लोहाचे क्षार, सोडले. हिरवळ वाढली, पण थोडीच. बारीक कोळंबीसारख्या जिवांनी तिचा फडशा पाडला. शिवाय वालुकेचे कवच करणाऱ्या ज्या जातींकडून मोठी आशा होती, त्यांना त्या पाण्यात वालुकाच मिळाली नाही. खोल तळाशी जाईल असा कर्ब फारच थोडा निघाला.

या प्रयोगातून शेतकऱ्याने घ्यायचा धडा सोपा आहे. खाचराचा बांध कितीही उंच असो, जिथे खिंड पडली आहे तिथवरच पाणी थांबते. खिंड बुजवायची सोडून दुसऱ्या बाजूने बांध उंच केला, तर पैसा जातो आणि पाणी वाहतेच. अन्नद्रव्यांचेही असेच. लोहाची उणीव नसताना लोह घालणे किंवा स्फुरद कमी असताना जस्ताची बाटली ओतणे म्हणजे चुकीच्या जागी माती टाकणे होय.

भातखाचरातले बिनपगारी गडी

निळ्या-हिरव्या जिवाणूंच्या काही जाती हवेतले नत्र बांधून पाण्यात-मातीत आणतात. भातशेतीत खत न घालताही थोडेबहुत पीक वर्षानुवर्षे येत राहते, त्यामागे यांचा हात आहे, हे डे या भारतीय शास्त्रज्ञाने १९३९ साली दाखवले. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात आर. एन. सिंह यांनी आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी त्यावर काम केले आणि त्यातून शेवाळाचे खत तयार झाले. चांगली वाढ झाल्यास एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र यातून मिळते असा अंदाज आहे.

नत्र बांधण्याच्या या कामाला मॉलिब्डेनम नावाचा धातू लागतो. नत्र बांधणाऱ्या यंत्राच्या गाभ्यात लोहाचे सात अणू आणि मॉलिब्डेनमचा एक अणू असतो. हे यंत्र प्राणवायू लागला की बिघडते. आणि हा जिवाणू तर दिवसभर प्राणवायू तयार करतो! म्हणून ऍनाबिना, नॉस्टॉक यांसारख्या जाती आपल्या पेशींच्या माळेत मधून मधून एक जाड भिंतीची खोली बांधतात. त्या खोलीत पाणी फोडण्याचे काम बंद, फक्त नत्र बांधायचे. लोणच्याची बरणी हवा लागू नये म्हणून आपण दादरा बांधून ठेवतो, तशीच ही हुशारी.

हे खत घरच्या घरी उन्हाळ्यात करता येते. २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि वीतभर खोल असा खड्डा करून त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. त्यात ८ ते १० किलो चाळलेली, खारी नसलेली माती आणि २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट मिसळावे. चिमूटभर सोडियम मॉलिब्डेट घालावे. मॉलिब्डेनमची गरज एवढीच असते. माती आम्ल असेल तर थोडा चुना घालावा. बोटभर ते चार बोटे पाणी ठेवून माती खाली बसू द्यावी आणि वर कृषी विद्यापीठातून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून आणलेले शेवाळाचे विरजण भुरभुरावे. खड्डा भर उन्हात असावा. अळ्या आणि शेवाळ खाणारे बारीक किडे झाल्यास निंबोळीचा अर्क वापरावा. आठवडाभरात वर जाड थर येतो. मग पाणी आटू द्यावे आणि वाळलेल्या खपल्या गोळा करून कोरड्या जागी ठेवाव्यात. एका खड्ड्यातून एका वेळी दीड-दोन किलो खपल्या निघतात.

लावणीनंतर आठवड्याने साचलेल्या पाण्यावर एकरी ४ किलो खपल्या फेकाव्यात आणि आठ-दहा दिवस पाणी हलू देऊ नये. त्याच दिवसांत युरियाचा मोठा हप्ता देऊ नये. आयते ताट समोर आले की कोण चूल पेटवतो? युरिया मिळाला की हे जिवाणूही नत्र बांधण्याचे काम बंद करतात.

ज्यांच्या घरी गाईम्हशींसाठी अझोलाचे टाके आहे, त्यांच्याकडे तर धातूंची परीक्षा घेणारी शाळाच आहे. अझोलाच्या पानातल्या पोकळीत असाच एक नत्र बांधणारा जिवाणू राहतो. अझोला फिकट पिवळा पडू लागला तर लोह कमी पडत असण्याचा संभव असतो. लालसर झाला तर स्फुरद कमी आहे किंवा ऊन फार तापले आहे असे समजावे. आधी सावली करून पाहावी, मग शेणकाला व सुपर फॉस्फेट.

जांभळ्या जिवाणूंविषयीही एक सूचना. त्यांचे लाल पाणी बाटल्यांतून विकले जाते, आणि काही जण ते घरीही उन्हात ठेवून वाढवतात. ते घेताना नाव नीट वाचावे. 'पी.एस.बी.' ही अक्षरे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंसाठीही वापरतात आणि या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंसाठीही. दोघांचे काम अगदी वेगळे आहे. दुकानदाराला विचारून, लेबल वाचून, आधी चार ओळींवर वापरून पाहावे.

चिमूट आणि मूठ

आता मोरचुदाकडे वळू. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. त्यात वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा तांबे असते. पानवेलीच्या मररोगावर बोर्डो मिश्रण हे जुने आणि खात्रीचे औषध: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. वाडीत त्याला जागा आहे. बावखलात मात्र नाही.

हिशेब करून पाहा. २५ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २ मीटर खोल बावखलात दहा लाख लिटर पाणी मावते. त्यात एक किलो मोरचूद टाकला तर लिटरमागे एक मिलिग्रॅम पडतो. ऐकायला नगण्य वाटतो, पण तलावातले निळे-हिरवे जिवाणू मारण्यासाठी वापरतात ती मात्रा याच्याच आसपास आहे. ज्या तांब्याच्या एका अणूवर जिवाणूचा निरोप्या चालतो, तेच तांबे थोडे जास्त झाले की इतर धातूंच्या जागा बळकावते आणि सगळा रहाट मोडतो. फवारणीचा पंप बावखलात विसळला, उरलेले मिश्रण काठावर ओतले, तरी परिणाम तोच. आणि तांबे कुजत नाही, उडून जात नाही. ते गाळात बसून राहते आणि गाळ पुन्हा आपल्याच वाडीत येतो.

"मग हिरवी साय मेली तर बरेच की," असे वाटेल. इथेच खरा धोका आहे. उन्हाळ्यात साय धरणाऱ्या काही जाती, विशेषतः मायक्रोसिस्टिस, आपल्या पेशीत यकृत बिघडवणारे विष बाळगतात. असे पाणी पिऊन जनावरे मेल्याच्या घटना जगात अनेक ठिकाणी नोंदलेल्या आहेत. जिवाणू जिवंत असेपर्यंत विषाचा मोठा भाग पेशीच्या आत राहतो. मोरचूद टाकला की पेशी फुटतात आणि सगळे विष एकदम पाण्यात उतरते. पाणी वरून आरशासारखे दिसते, आणि त्याच वेळी ते अधिक घातक झालेले असते. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९ साली हे घडले. पिण्याच्या पाण्याच्या धरणात जिवाणूंची साय आली म्हणून मोरचूद टाकला गेला आणि काही दिवसांत सुमारे दीडशे माणसे आजारी पडली. त्यांतली बहुतेक लहान मुले होती. हे विष पाणी उकळूनही जात नाही, हे घरातल्या बायामाणसांनी विशेष लक्षात ठेवावे.

तेव्हा बावखल हिरवे झाले तर काय करावे?

पहिली गोष्ट, साय धरली असेल त्या दिवसांत गुरे, बकऱ्या, कुत्री यांना त्या पाण्यावर सोडू नये. मुलांना पोहू देऊ नये. जनावर सुस्त झाले, खाणे सोडले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्याला बोलवावे आणि पाण्याविषयी आवर्जून सांगावे.

दुसरी, साय वाऱ्याने ज्या काठाला लागते तिथून जुन्या लुगड्याने किंवा बारीक जाळीने अलगद ओढून काढावी आणि पाण्यापासून दूर, गुरांचे तोंड पोचणार नाही अशा जागी पुरावी. हाताला फडके किंवा हातमोजा बांधावा.

तिसरी, पंपाचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागावर न ठेवता खाली ठेवावे. पालेभाजीवर हे पाणी शिंपडू नये; बुंध्याला द्यावे.

चौथी आणि मुख्य, साय कशावर पोसली आहे ते शोधावे. बहुतेक वेळा बांधाची खिंड धातूंची नसून स्फुरद आणि नत्राची असते. कपड्यांचा साबण, गोठ्याचे धुवण, शौचकुपाचा झिरपा, वाडीतून वाहून आलेले खत हे बावखलात येत राहिले, तर मोरचुदाने आज मारलेली साय पुढच्या महिन्यात पुन्हा हजर होणार. पाण्याची वाट वळवावी, काठावर गवताचा पट्टा राखावा आणि उन्हाळ्यात गाळ उपसण्याची जुनी रीत मोडू नये. वर्षानुवर्षे बोर्डो फवारलेल्या वाडीतला गाळ असेल, तर घालण्याआधी त्यातले तांबे तपासून घ्यावे.

दुकानात जाण्याआधी

सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या बाटल्यांवर आज खर्च फार होतो. तो करण्याआधी माती तपासावी. मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली. तिच्या तपासणीत नत्र, स्फुरद, पालाश यांबरोबर जस्त, लोह, तांबे आणि मँगेनीजही धरलेले आहेत. अहवाल हाती आला की हे आकडे लावून पाहावेत. मातीच्या दहा लाख भागांत जस्त ०.६, लोह ४.५, मँगेनीज २ आणि तांबे ०.२ भाग यांपेक्षा कमी असेल, तर त्या धातूची उणीव समजतात. त्याहून जास्त असेल तर त्या धातूवर पैसा घालू नये.

पालघर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना डहाणू तालुक्यातले कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि त्याचे कर्जतचे भात संशोधन केंद्रही याच कामासाठी आहे. मृगाआधी शेतात सात-आठ ठिकाणची वीतभर खोलीची माती काढावी. लोखंडी पावड्याचा गंज आणि तांब्यापितळेच्या भांड्याचा कण तिच्यात मिसळू नये म्हणून लाकडी फळीने किंवा प्लॅस्टिकच्या घमेल्यात ती गोळा करावी, नाहीतर तपासणीत भांड्याचाच धातू सापडायचा. सावलीत वाळवून अर्धा किलो पिशवीत भरावी. चिठ्ठीवर नाव, गट क्रमांक, मागचे पीक लिहावे आणि शेजारी बावखल असेल तर तेही लिहावे.